जीर्ण वीणेचे काय करावे?

मनुष्याने हाताने घडविलेली वस्तू त्याच्याच हातात झिजून निरुपयोगी झाली, म्हणजे तिच्याशी त्याने कसे वागावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी फार क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मोडकी खुर्ची जळणात जाते, फुटका रांजण परसात पडतो, आणि त्याबद्दल कोणाचे मन त्यास खात नाही. वाद्याची गोष्ट मात्र निराळी दिसते. फुटका तंबोरा चुलीत घातल्याचे उदाहरण निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. घरात गाणारे कोणी उरलेले नसते, तारा गंजून तुटलेल्या असतात, भोपळ्याला चीर गेलेली असते. तरी तो गवसणीत गुंडाळून माळ्यावर ठेवलेला असतो. घर बदलण्याची वेळ आली की 'याचे काय करायचे?' असे कोणीतरी विचारतो, त्याला कोणी उत्तर देत नाही, आणि तंबोरा नव्या घराच्या माळ्यावर जातो. हे मौन म्हणजे केवळ मनाचा दुबळेपणा, की त्याच्या मुळाशी काही विचार आहे, हे पाहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. त्याला निमित्त मात्र तंबोऱ्याचे न होता त्याच्या धाकट्या बहिणीचे, म्हणजे वारकऱ्यांच्या वीणेचे झाले.

नेवासे तालुक्यात प्रवरेच्या काठी एक लहानसे गाव आहे. त्याचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथील विठ्ठलमंदिरात दरवर्षी अखंड हरिनामाचा सप्ताह होतो. ज्या वाचकांनी असा सप्ताह पाहिला नसेल त्यांच्यासाठी एवढे सांगितले पाहिजे की, त्या सात दिवसांत वीणा जमिनीला लागू द्यावयाची नाही असा दंडक असतो. पहाऱ्यामागून पहारा माणसे बदलतात. एकाच्या गळ्यातील वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या. मध्यरात्री, मंदिरात चिटपाखरूही नसताना, एखादा शेतकरी पेंगुळल्या डोळ्यांनी एका बोटाने तारा छेडीत उभा असतो. त्याला गाणे येत असतेच असे नाही. ज्याच्या गळ्यात वीणा असेल त्याला येणाऱ्याजाणाऱ्याने नमस्कार करावयाचा, मग तो वयाने वा द्रव्याने कितीही लहान असो. आणि वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली की तो पुन्हा पूर्वीचाच मनुष्य होतो. अधिकारपदाविषयी इतकी निर्मळ कल्पना मोठमोठ्या राजनीतिज्ञांच्या ग्रंथांतही क्वचितच आढळेल. परंतु तो विषय स्वतंत्र आहे.

या गावची वीणा निदान तीन पिढ्यांची. दांडीवर जेथे डाव्या हाताचा अंगठा टेकतो तेथे लाकडाला सुपारीएवढा गुळगुळीत खळगा पडलेला. तबलीवरचे रोगण कित्येक माणसांच्या घामाने कधीच गेलेले. खुंट्या झिजून सैल झालेल्या, त्या सरकू नयेत म्हणून त्यांना दरवर्षी खडू घासावयाचा. घोडीवर तारांनी चर पाडलेले, आणि भोपळ्याची एक जुनी चीर डिंकाने व कापडाच्या पट्टीने बुजविलेली. काही वर्षांपूर्वी सप्ताहाच्या पाचव्या दिवशी, ऐन काकड्याच्या वेळी, ती चीर वाढत जाऊन भोपळा तबलीपासून सुटला. वीणा खाली पडली नाही. पहाऱ्यावर असलेल्या वृद्ध वीणेकऱ्याने भोपळा दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरला आणि शेजारच्या गावाहून दुसरी वीणा येईपर्यंत सुमारे दीड तास तो तसाच उभा राहिला. तार वाजत नव्हती. तोंडाने नाम चालू होते.

सप्ताह संपल्यावर मंदिरात बैठक बसली. जुन्या मंडळींचे म्हणणे असे की, भंगलेली मूर्ती आपण पूजेत ठेवीत नाही, जीर्ण पोथी नदीला देतो, तद्वत वीणाही प्रवरेला द्यावी. तरुणांचे म्हणणे असे की, वर्गणी काढून नवी वीणा आणावी. जुनीचे काय ते मागाहून पाहता येईल. मी शाळेत शिकविण्यात जन्म घालविलेला मनुष्य, त्यामुळे विचारले नसतानाही मत देण्याची खोड जडलेली. मी सुचविले की, मंदिरात एक काचेची पेटी करून तीत वीणा ठेवावी आणि खाली तिची हकीकत लिहून लावावी. सूचना सर्वांना पटल्यासारखी दिसली. वीणेकरीबुवा तेवढे गप्प होते. शेवटी म्हणाले, "गुरुजी, काचंत ठिवल्यावर तिला धरनार कोन?"

मी म्हटले, "धरावयाची गरज काय? सर्वांना पाहता येईल."

"पाहायची वस्तू न्हाई ती."

"मग नदीला द्यावी म्हणता?"

"मेली कुटं हाय अजून?" असे म्हणून ते उठले, आणि दारातून म्हणाले, "मिरजंला न्यू. तिथं म्हनं समदं जोडून देत्यात."

या दोन-तीन वाक्यांनी माझी काचेची पेटी जी फुटली ती पुन्हा सांधता आली नाही. त्या तिन्ही मतांचा मी पुढे पुष्कळ विचार केला. तो येथे मांडतो.

विसर्जनाचा पक्ष मला प्रथम वाटला त्याहून अधिक खोल आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, याच नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीतेवरील मराठी टीका सांगितली. त्या गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देह टाकून जाणाऱ्या आत्म्याला जुनी वस्त्रे टाकून नवी नेसणाऱ्या मनुष्याची उपमा दिली आहे, हे या मुलखातील निरक्षर मनुष्यालाही ठाऊक असते. ती उपमा मनात घेऊनच जुनी मंडळी बोलत होती. नाद हा आत्मा. लाकूड, भोपळा, तारा हे वस्त्र. वस्त्र फाटले, ते सन्मानाने नदीला द्यावे; नाद दुसऱ्या वीणेत आहेच. हा विचार सुंदर आहे, आणि आप्ताच्या मृत्यूसमयी त्याने किती मनांना आधार दिला असेल याची गणती नाही. परंतु वाद्याला तो लावू गेले असता एक अडचण उभी राहते. वस्त्र कोणतेही असले तरी नेसणारा तोच राहतो, असे ती उपमा गृहीत धरते. वीणेचा नाद मात्र तिच्या काष्ठाहून आणि झिजेहून वेगळा काढता येत नाही.

तंबोऱ्याची किंवा वीणेची घोडी ज्याने जवळून पाहिली असेल त्याला हे पटावयास वेळ लागणार नाही. तार तीवर एखाद्या धारदार कडेवर टेकावी तशी टेकत नाही. किंचित वाटोळ्या, सपाटशा पृष्ठावर ती लोळते, आणि तिच्या व घोडीच्या मध्ये सुताचा एक धागा सरकवून ज्या जागी ती गुंजू लागेल ती जागा शोधावयाची असते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या वाद्यांवर जो निबंध प्रसिद्ध केला त्यात हीच घोडी त्यांच्या कौतुकाचा विषय झाली आहे. तार ज्या बिंदूवर छेडावी तो बिंदू ज्या उपस्वरांच्या दृष्टीने निश्चल असतो ते उपस्वर उमटू नयेत, असा यंग व हेल्महोल्ट्झ या पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा सिद्धांत होता; आमच्या तंबोऱ्यात व वीणेत ते खुशाल उमटतात, असे रामन यांना आढळले, आणि त्याचे कारण त्यांना त्या वाटोळ्या पृष्ठात सापडले. या पृष्ठाच्या घडणीलाच जवारी म्हणतात. आता, तार वर्षानुवर्षे तेथे घासत राहते आणि चर पाडते. चर खोल झाला की आवाज बसतो. मग कारागीर कानस घेऊन ते पृष्ठ पुन्हा घासतो व नवी जवारी काढतो. म्हणजे आवाज परत यावयाचा तर घोडीचा काही अंश गेलाच पाहिजे. आणि अशा किती वेळा जवारी निघाली, कोणी काढली, मधल्या काळात तारा कोणाच्या हाताने छेडल्या गेल्या, या सर्वांचा परिणाम त्या आवाजात राहतो. नवी वीणा आणली तर तीही गुंजेल, कदाचित अधिक गोड गुंजेल. पण जुन्या वीणेचा नाद उठून नव्या वीणेत जाऊन बसला, असे म्हणणे ही केवळ मनाची समजूत होय.

नाद काष्ठापासून खरोखरच सोडविता येतो, असे म्हणणारास आजच्या काळात एक उत्तर आयते मिळाले आहे, ते टाळून चालणार नाही. १९७९ साली बंगळूर येथे विजेवर चालणारा तंबोरा निघाला, आणि आता तर खऱ्या तंबोऱ्याचा मुद्रित केलेला आवाज प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये वाजतो. तो ज्या तंबोऱ्यावरून घेतला असेल तो कदाचित आज अस्तित्वातही नसेल. देह गेला आणि नाद उरला, याहून त्या उपमेची अधिक अक्षरशः सिद्धता ती कोणती? माझी मुलगी रोज पहाटे असल्याच तंबोऱ्यावर रियाज करते, आणि माझ्या आईचा तंबोरा त्याच खोलीच्या माळ्यावर आहे. या लेखाच्या आरंभी ज्या माळ्याचे वर्णन आले तो कोणाचा हे आता वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

त्या मोबाइलच्या आवाजात मला पूर्वी उणे काही सापडत नव्हते. सूर शुद्ध असतो, तो थंडीने उतरत नाही, पावसाने सर्द होत नाही. परंतु आई गावयास बसण्यापूर्वी पाव घटका तंबोरा लावीत असे, ते आता आठवते. खुंटी पिळावयाची, मणी सरकवावयाचा, कान लाकडाशी नेऊन ऐकावयाचे, पुन्हा पिळावयाचे. त्या पाव घटकेत ती कोणाशी बोलत नसे. गाण्यापूर्वी ऐकणे भाग पाडणारी ती वस्तू होती. मोबाइलचा तंबोरा माझ्या मुलीकडून काहीच मागत नाही, आणि म्हणून तिचा कोणताही अंश त्यात उतरत नाही. तो झिजत नाही हा त्याचा गुण म्हणून सांगतात. ज्या वस्तूला आपल्या सेवेची गरज नाही तिच्याविषयी आपले काही कर्तव्यही उत्पन्न होत नाही, आणि तिचे 'काय करावे' हा प्रश्नही कधी पडावयाचा नाही. एवढ्यासाठी तो बंद करावा असे मी म्हणत नाही. मुलीला त्याचा उपयोग आहे. फक्त तो आईच्या तंबोऱ्याचा वारस आहे असे मानून मी जो निश्चिंत झालो होतो, त्या निश्चिंतपणाला काही आधार नव्हता.

आता काचेची पेटी. ती सूचना माझी स्वतःची असल्यामुळे तिच्याविषयी निःपक्षपाताने बोलणे कठीण आहे. संग्रहालयांचे उपकार मी मानतो. पुण्यास दिनकर केळकर यांनी आपल्या वारलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने जे संग्रहालय उभे केले त्यातील वाद्यांच्या दालनात मी तासन् तास उभा राहिलो आहे. एका बापाच्या दुःखाने अनोळखी माणसांच्या घरातील जुन्या वस्तूंना आसरा दिला, हे तेथे सारखे जाणवते. शिवाय, जुने काम पाहूनच नवा कारागीर शिकतो; सर्व जुनी वाद्ये वाजवून वाजवून संपवून टाकली असती तर त्यांची घडण कशी होती हे कोणास कळले असते? इटलीतील स्ट्राडिव्हारी याने १७१६ साली घडविलेले 'मसीहा' नावाचे व्हायोलिन ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. ते इतके कमी वाजलेले आहे की, कालच तयार झाल्यासारखे दिसते म्हणतात. अभ्यासकांना ते अमूल्य वाटते. पण त्याच इटलीत जिनोआ शहरी पागानिनीचे व्हायोलिन आहे, ग्वार्नेरीने १७४३ मध्ये केलेले. पागानिनी १८४० साली वारला. त्याने ते आपल्या जन्मग्रामाला देऊन टाकले होते. जिनोआकरांनी ते जपले तर आहेच, पण प्रसंगविशेषी ते निवडक वादकांच्या हातीही दिले जाते. या दोन व्हायोलिनांपैकी अधिक सुदैवी कोणते, असा प्रश्न मी वर्गात एकदा मुलांना विचारला होता. बहुतेकांनी जिनोआचे म्हटले. एक मुलगी म्हणाली, ऑक्सफर्डचे, कारण त्याला अजून सगळे आयुष्य बाकी आहे. या उत्तरावर काय बोलावे हे मला तेव्हा सुचले नाही, आणि आजही सुचत नाही.

तथापि गावच्या मंदिरातील पेटी आणि ऑक्सफर्डचे संग्रहालय यांत मोठे अंतर आहे. तेथे अभ्यासक येतात. आमच्या पेटीपाशी कोण येणार होते? पहिल्या वर्षी मुले नाक लावून पाहतील, दुसऱ्या वर्षी काचेवर धूळ बसेल, आणि पाचव्या वर्षी पेटीवर पेट्रोमॅक्सच्या बत्त्या व ध्वनिक्षेपकाच्या तारा ठेवल्या जातील. आमच्याकडे आदराचा शेवट पुष्कळदा असा होतो. वस्तू उंच ठेवली म्हणजे तिची रोजची विचारपूस करण्याच्या त्रासातून आपण सुटतो, हे सन्मानाच्या भाषेआड लपते. मी माझ्या सूचनेत हेच केले होते, असे आता वाटते.

राहिला बुवांचा मार्ग. बुवा, गावातील एक तरुण व मी असे तिघे वीणा घेऊन मिरजेस गेलो. तेथील सतारी-तंबोऱ्यांचा धंदा सुमारे १८५० पासूनचा. शिकलगार, म्हणजे शस्त्रे घडविणारे व त्यांना धार लावणारे लोक, इंग्रजी अंमलात तलवारीचे गिऱ्हाईक संपल्यावर या कामाकडे वळले. त्यांतील फरीदसाहेबांचे नाव अद्यापि आदराने घेतात. ज्या हातांची एक विद्या निरुपयोगी झाली त्यांनी दुसरी विद्या धरली, आणि आज त्यांचे वंशज सतारमेकर या नावाने ओळखले जातात. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे, म्हणजे पुन्हा विठोबाच्याच अंगणातले. बुवांना ही गोष्ट कळली तेव्हा त्यांनी जागच्या जागी हात जोडले.

कारागिराने वीणा उलटीपालटी करून पाहिली, बोटाने ठोकली, आणि सांगितले की भोपळा गेला, तबली गेली, घोडी इतकी पातळ झाली आहे की आणखी जवारी निघावयाची नाही, खुंट्याही बदलाव्या लागतील. दांडी मात्र चांगली आहे. खर्च नव्या वीणेच्या जवळपास येईल, असेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. मग त्याने विचारले, "जवारी उघडी पाहिजे की बंद?" हा प्रश्न बुवांना कळला नाही. त्यांनी उत्तरादाखल डोळे मिटून नामाचा सूर धरला, आणि गल्लीतील रहदारीत तो बराच वेळ धरून ठेवला. कारागीर ऐकत राहिला. "समजलं," म्हणाला.

येथे तत्त्ववेत्ते दाराशी येऊन उभे राहतात. थीसियस राजाच्या नौकेची कुजलेली फळी न् फळी अथेन्सकरांनी बदलली, तेव्हा ती तीच नौका राहिली काय, हा वाद प्लुटार्काने नोंदविला आहे. त्याच्याही आधी आमच्याकडे नागसेन भिक्षूने मिलिंद नामक यवन राजाला रथाविषयी विचारले होते: आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? दांडा म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला, आणि रथ हे त्या सर्वांच्या जुळणीला दिलेले केवळ नाव आहे, हे त्याला कबूल करावे लागले. सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रजाने यात आणखी एक पेच घातला. काढून टाकलेल्या फळ्या कोणी एकत्र करून त्यांचीच दुसरी नौका बांधली, तर खरी नौका कोणती? हा पेच मी महाविद्यालयात असताना वाचला होता आणि तो निव्वळ बुद्धीचा खेळ समजत होतो. मिरजेत कारागिराने वीणेचा सुटा भाग बाजूस ठेवला तेव्हा बुवा म्हणाले, "त्यो जुना भोपळा आमाला द्या." त्यांनी तो उपरण्यात बांधला, आणि परतीच्या प्रवासात नेवासे फाट्यापर्यंत मांडीवर घेऊन बसले. हॉब्जची दुसरी नौका मी एसटीत पाहिली.

दुरुस्त झालेली वीणा गावी आली तेव्हा अपेक्षेप्रमाणे वाद झालाच. तरुण मंडळी म्हणू लागली, हिच्यात जुने ते काय उरले? एक दांडी. एवढ्यासाठी नव्या वीणेचे पैसे घातले! मला या बोलण्याचे उत्तर देता आले ते नेवाशाच्याच इतिहासातून. ज्ञानेश्वरी सांगितली गेल्यावर तिच्या नकला होत गेल्या आणि त्यांत अपपाठ शिरत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षांनी, पैठणच्या एकनाथांनी अनेक प्रती ताडून ती शुद्ध केली, आणि जो कोणी यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, अशा अर्थाची तंबीही देऊन ठेवली. एकनाथ स्वतः थोर कवी होते. आपली ओवी घालण्याचा मोह त्यांना झाला नसेल असे कोण म्हणेल? दुरुस्ती करणाऱ्याचे सर्व शील त्या संयमात आहे. मिरजेच्या कारागिराने वीणेला नक्षी केली नाही, हस्तिदंती काम जोडले नाही, दांडीवरचा अंगठ्याचा खळगा भरून काढला नाही. खळगा भरू का, असे त्याने विचारले होते. बुवांनी मान हलविली आणि त्याने तो तसाच ठेवून वर पातळ रोगण फिरविले. आता ज्याला पहाऱ्यावर उभे राहावयाचे त्याचा अंगठा पहिल्या क्षणी जेथे पडतो ते ठिकाण तीन पिढ्यांनी तयार केलेले आहे.

परंतु हे उत्तर पूर्ण नाही, आणि ते पूर्ण असल्याचा आव मी आणणार नाही. आवाज बदलला आहे. पूर्वीचा आवाज बसका, किंचित घोगरा, म्हाताऱ्या माणसाच्या नामस्मरणासारखा होता. हा मोकळा आहे. मी बुवांना एकांतात विचारले, तेव्हा ते म्हणाले, "आवाज न्हाई ऱ्हायला त्यो." थोड्या वेळाने म्हणाले, "माजा बी कुटं ऱ्हायलाय?" त्यांना तोटा कळत होता. तोटा झालाच नाही असे म्हणणारे आणि तोटा झाला म्हणून सर्वच गेले असे म्हणणारे, हे दोन्ही पक्ष मला त्यांच्यापुढे पोरकट वाटू लागले. एखादी वस्तू 'तीच' आहे की नाही याचा निकाल केवळ तिच्याकडे पाहून लागत नाही. पुढच्या सप्ताहात पहाटे चार वाजता कोणी तिची वाट पाहत उभा राहणार आहे की नाही, हेही पाहावे लागते. ज्या वस्तूची अशी वाट पाहणारा कोणी आहे, तिला काचेत घालणे किंवा नदीत टाकणे हा त्या वाट पाहणाऱ्यावर अन्याय होय. आणि ज्या वस्तूची वाट पाहणारा कोणी उरला नाही, तिला खुशाल निरोप द्यावा. माझ्या आईच्या तंबोऱ्याविषयी मी इतकी वर्षे गप्प राहिलो, कारण त्याची वाट पाहणारी मुलगी घरात असताना मी तिला तो कधी दाखविलाच नव्हता. तिने तुटक्या तारा पाहू नयेत, असे काहीतरी मनात असावे. तो अद्यापि मिरजेस गेलेला नाही. जावयाचा आहे.

नेवाशास ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता सांगितली असे परंपरा मानते, तो 'पैस' खांब पुष्कळांनी पाहिला असेल. दुर्गा भागवतांच्या १९७० सालच्या पुस्तकाला नाव त्याचेच आहे. त्यावरील लेख करवीरेश्वराच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा आहे. ते देऊळ नाहीसे झाले, तो दिवाही गेला. ज्या खांबाने एके काळी छप्पर तोलून धरले होते, त्याच्यावर लोकांनी आता नवे छप्पर बांधले आहे. मी तेथे जातो तेव्हा दर वेळी, कोण कोणाला तोलून आहे, असा विचार मनात येतो. आणि तेथून जवळच लाडमोड टेकडीवर १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजातर्फे सांकलिया यांनी उत्खनन केले, त्यात तीन सहस्र वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने निघाली. हाताने घडविलेले ओबडधोबड राखी रंगाचे दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवावयाचे, आणि आत मूल. घरातील धान्यापाण्याची भांडी असतात त्याच जातीची ती भांडी. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि मण्यांत अडकून राहिलेला दोरा सुताचा व रेशमाचा असल्याचे तपासणीत आढळले. त्या आयांनी हातच्या भांड्यांना जे काम दिले त्याला मी पवित्र म्हणावे की उपयुक्त म्हणावे? असा भेद त्यांना मान्य झाला असता, असे मला वाटत नाही.

बुवांनी आणलेल्या जुन्या भोपळ्याचे विसर्जन व्हावे, असा जुन्या मंडळींचा आग्रह होता, आणि बुवांचीही त्याला ना नव्हती. एका सकाळी ते व मी दोघेच घाटावर गेलो. भोपळ्याचे दोन तुकडे झाले होते. त्यांपैकी एक बराचसा धड, वाडग्यासारखा होता. बुवांनी त्यांना बुक्का लावला, तुळशीचे पान ठेवले, आणि गुडघाभर पाण्यात उतरून ते सोडले. वाळलेला भोपळा बुडत नाही, ही गोष्ट दोघांच्याही ध्यानात नव्हती. पोहावयास शिकणारी पोरे तो कमरेला बांधतात, हे माहीत असून ध्यानात नव्हती. लहान तुकडा धारेला लागून निघून गेला. मोठा मात्र हेलकावे खात तसाच खाली सरकला आणि थोड्या अंतरावर, जेथे एक पोरगा म्हशी धुवीत होता, तेथे काठाला लागला. त्याने तो उचलला, आत पाहिले, तुळशीचे पान झटकले, आणि त्यात पाणी भरून म्हशीच्या पाठीवर ओतले. मी त्याला हाक मारण्यासाठी हात वर केला होता.

"राहू द्या, गुरुजी," बुवा म्हणाले, आणि धोतर पिळीत काठावर बसून राहिले. पोरगा पुन्हा पुन्हा पाणी भरीत होता.